फुललं होतं का?

पेरू देशातल्या कातक गावच्या त्या दुकानात आम्ही पाव आणि केळी घ्यायला शिरलो तेव्हा मी इतकी खुशीत होते, की भेटेल त्याला सांगत सुटले होते. ओठ उन्हाने फुटलेले, केसांत धूळ, गुडघे बोलत होते, तरी तोंड काही थांबत नव्हतं. माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी दुकानवाल्या बाईंना सांगितलं, की आम्ही दोघी सायकलने वर कार्पाला जाऊन आलो आणि तिथे तितांका पाहिली. बाई केळी वजनकाट्यावर ठेवत होत्या. त्यांनी विचारलं, “फुलली होती का?” मी म्हटलं, “हो! एक होती, पूर्ण फुललेली!” बाईंनी काट्याकडे बघतच मान हलवली. “म्हणजे ती गेलीच,” असं म्हणून त्यांनी पैसे किती झाले ते सांगितलं. आवाजात हळहळ नव्हती, टोमणाही नव्हता. नुसती माहिती दिली होती. मी सुटे पैसे मोजून दिले, बाहेर येऊन पायरीवर बसले, केळं सोललं, आणि मघाचा उत्साह कुठे गेला ते कळेना.

चुकीचं काहीच बोलल्या नव्हत्या त्या. तितांका, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातली पुया रायमोंडी, आयुष्यात एकदाच फुलते आणि बी धरलं की मरते, हे मला आधीपासून माहीत होतं. त्यासाठीच तर गेलो होतो. पण माहीत असणं वेगळं आणि केळी तोलणाऱ्या बाईने ते असं सहज हातावर ठेवणं वेगळं.

वाराझ शहराहून दक्षिणेला निघालं की डांबरी रस्ता सांता नदीच्या उलट दिशेने, हळूहळू चढत जातो. डाव्या हाताला पांढरी कोर्दियेरा, बर्फाच्या शिखरांची रांग. उजव्या हाताला काळी कोर्दियेरा, तिच्यावर बर्फ नाही, म्हणून तिचं नाव काळी. गावं नवी दिसतात, सिमेंटची, अर्धवट बांधलेली, गच्चीतून सळया वर आलेल्या. 31 मे 1970 च्या भूकंपाने हे सगळं खोरं मोडून टाकलं होतं. वाराझचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला आणि खाली युंगाय गाव तर वास्कारान शिखरावरून सुटलेल्या बर्फ-दगड-चिखलाच्या लोंढ्याखाली सबंध गाडलं गेलं. तिथल्या चौकातली चार ताडाची झाडं तेवढी उभी राहिली, असं सांगतात. इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना काळाचे दोनच भाग असतात, भूकंपाच्या आधीचा आणि नंतरचा. मला आपला कोयनेचा भूकंप आठवला. साताऱ्याकडची माणसंही बराच काळ अशीच बोलायची.

साताऱ्याचीच माझी मैत्रीण. बँकेतून निवृत्त झालेली, हिशेबाला पक्की, बोलायला तिखट. तिच्याबरोबर सायकल चालवण्यात एक सोय आहे. चढावर ती बोलत नाही आणि उतारावर मी ऐकू शकत नाही, त्यामुळे भांडण फक्त जेवताना होतं. पाचाकोतोला मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळलं की खडी लागते. सामान कातकमध्येच ठेवून आलो होतो, एक तंबू, स्लीपिंग बॅगा आणि खाणं तेवढं कॅरिअरवर. तरीसुद्धा सगळ्यात हलक्या गिअरवर पाय जड. चार हजार मीटरवर हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. हा आकडा वाचायला सोपा आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की पाणी प्यायला बाटलीला तोंड लावलं तर तेवढ्या घोटापुरता श्वास चुकतो आणि मग पुढचं वळण येईपर्यंत तो भरून काढावा लागतो. सिंहगड चढताना आपण गप्पा मारायचो हे आठवून हसू आलं. हसायलाही श्वास लागतो, म्हणून तेही सोडून दिलं. रस्त्यावर आडव्या बारीक लाटा पडलेल्या. हँडल हातात थरथरतं, दातावर दात आपटतात. दोन्ही बाजूंना इचू गवत, पिवळं, ताठ, वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं. मधूनच लांबवर मेंढ्या. वास गवताचा, गार दगडाचा आणि थोडा धुराचा.

धूर कसला ते नंतर कळलं.

पहिली तितांका दिसली तेव्हा मला ती तितांका आहे हे कळलं नाही. दूर उतारावर काळे ठिपके होते, गवतात उभे. मेंढपाळ असतील असं वाटलं, पण ते हलत नव्हते. आणखी दोन वळणं वर गेल्यावर ठिपक्यांना आकार आला: खाली जाड, वर गोल, काट्यांचा भारा डोक्यावर घेतलेला. मग एकदम वळणामागून ती आली, फुललेली. मैत्रिणीने ब्रेक लावला आणि पाय टेकले. मीही टेकले. बाजरीचं कणीस कुणी राक्षसाने उपटून आणून डोंगराच्या उतारावर खोचून ठेवावं, तशी ती उभी होती. खालचा पानांचा डोलारा आमच्या डोक्याच्या वर गेलेला आणि त्याच्यातून निघालेला दांडा त्याहून दुप्पट उंच, तळापासून टोकापर्यंत फुलांनी लडबडलेला. दहा मीटरांपर्यंत आणि कधी त्याहूनही उंच जातात म्हणे. मापायला आमच्याकडे काही नव्हतं. आजूबाजूला एकही झाड नाही, सावलीएवढं झुडूप नाही, जिथे घोटाभर गवताने राहायचं अशी ती जागा, आणि तिथे हे. सुंदर म्हणावं की विचित्र, ठरेना. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला थोडी भीती वाटली.

जवळ गेल्यावर मात्र भीतीची जागा डोळ्यांनी घेतली. पानं हातभरापेक्षा लांब, निळसर हिरवी, चामड्यासारखी कडक, टोकाला सुई. कडांना मात्र सुया नाहीत. तिथे आकडे आहेत, तपकिरी, नखाएवढे वाकडे. हात आत घालणं सोपं, बाहेर काढणं नाही. मी बाहीचं टोक नुसतं टेकवलं तर ते आकड्याने धरलं आणि मी मागे होऊ लागले तसं शेजारच्या पानाच्या आकड्यानेही धरलं. मैत्रिणीने हळूहळू एकेक आकडा उलट दिशेने वळवून बाही सोडवली. त्याच आकड्यांना खालच्या अंगाला लोकरीचे पुंजके अडकलेले होते, मळके, पांढरे, वाऱ्यावर थरथरणारे. आणखी आत, वाळक्या पानांच्या थरात, एका पक्ष्याचा सांगाडा. पंखाची हाडं अजून पसरलेली. पक्षी या पानांत घरटी करतात, कारण कोल्ह्याच्या जातीचं काही आत येऊ शकत नाही, आणि कधी कधी त्यांना स्वतःलाच बाहेर पडता येत नाही. काही अभ्यासकांना असंही वाटलं, की मेलेले पक्षी आणि त्यांची विष्ठा बुंध्याशी कुजून झाडाला खत मिळत असेल. या उंचीवरच्या जमिनीत नत्राची वानवा असते हे खरं. झाड पक्षी खातं असं म्हणणं मात्र मला जास्तीचं वाटतं. आपल्या गावठी बाभळीच्या काट्यांवरही कपडे अडकतात.

फुलं हिरवट पांढरी, मधोमध केशरी परागकोश. एका झाडाला आठ हजारांपासून वीस हजारांपर्यंत फुलं येतात आणि त्यांतून बी लाखोंनी. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात एक मोठा हमिंगबर्ड आला, त्यांच्यातला सगळ्यात मोठा असतो तोच, वीसेक सेंटिमीटर लांब. हमिंगबर्डचे पंख दिसत नाहीत अशी आपली समजूत, पण याचे दिसत होते, इतका सावकाश तो फडफडत होता. दांड्याच्या एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली, काही फुलं सोडून, काहींत पुन्हा पुन्हा. मैत्रीण म्हणाली, “गल्ल्यावर बसल्यासारखा हिशेब चाललाय याचा.” एवढ्यात खालून व्हॅन आली.

वाराझहून पास्तोरुरीला रोज पर्यटकांच्या गाड्या येतात. पास्तोरुरी ही पुढे पाच हजार मीटरवरची हिमनदी. ती इतकी आटत चालली आहे, की त्या रस्त्यालाच आता हवामानबदलाचा मार्ग म्हणतात, आणि आटणारं बर्फ दाखवणं हाच तिथला धंदा झाला आहे. वाटेत तितांकांपाशी गाडी थांबते. दारं उघडली, पंधरा-वीस जण उतरले, वाईडअँगल, सेल्फी, उड्या मारतानाचे फोटो आणि उडी मारल्यावर लगेच धाप. मार्गदर्शक पाठ केलेलं सांगत होता: जगातलं सगळ्यात मोठं ब्रोमेलिआड, अननसाच्या कुळातलं, शंभर वर्षांतून एकदा फुलतं, आज तुम्ही फार नशीबवान. आमच्याकडे बघून त्याने तेच इंग्रजीत सांगितलं, यू आर व्हेरी लकी. सगळ्यांनी फुललेल्या झाडासमोर रांग लावली. सभोवार तितांका इतक्या होत्या, पण एकीसमोरही कुणी उभं राहिलं नाही. मीही नाही. गाड्या गेल्यावर माझ्या फोनमधले फोटो पाहिले तर सगळे त्याच एकीचे.

नशीबवान, हे मी त्या आधी वाराझमध्येही ऐकलं होतं, हॉटेलवाल्याकडून, सायकलच्या दुकानात, इंटरनेटवर अनोळखी सायकलवाल्यांकडून. फुललं असेल तर नशीब. या गोष्टीत माझं कर्तृत्व शून्य, म्हणून नशीब हा शब्द बरोबरच म्हणायचा. पण कशाचं नशीब? शंभर वर्षं पानं काढत, थंडीत गोठत, दुपारी भाजत, वाट बघत जगलेली एक बाई शेवटच्या दिवसांत नटून बसली आणि आपण नेमके तेव्हा पोचलो. एखाद्याच्या घरी शेवटच्या आठवड्यात पाहुणे गेल्यावर “बरं झालं, भेट झाली” म्हणतात, त्याच जातीचं हे नशीब वाटतं मला. कातकच्या दुकानातल्या बाईंनी तेवढंच बोलून दाखवलं.

शंभर वर्षांवरून आठवलं. हा आकडा मी पुढे जरा खणून बघितला, कारण माझा त्यावर विश्वास बसेना. पाटीवर ऐंशी ते शंभर लिहिलेलं असतं. पण मोजलं कुणी? या झाडाला वर्षाची वलयं नाहीत. वास्कारान राष्ट्रीय उद्यान झालं 1975 साली, म्हणजे शासकीय नजर पडून अर्धंच शतक. ज्याच्या नावाने ही वनस्पती ओळखली जाते तो आंतोनियो रायमोंडी इटलीतून 1850 मध्ये पेरूला आला, पुढची कितीतरी वर्षं खेचरावरून देशभर हिंडला आणि या वनस्पतीचं वर्णन त्याने 1874 मध्ये छापलं. त्याने दिलेलं नाव वेगळं होतं. त्यातला ‘गिगांतेआ’ हा भाग चिलीतल्या दुसऱ्या एका पुयाने आधीच घेतला होता म्हणून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हार्म्स याने 1928 मध्ये तिला रायमोंडीचं नाव दिलं. शंभर वर्षांची पिढी धरली तर रायमोंडीने पाहिलेल्या रोपांची आत्ता कुठे पोरं वाढत असतील. शास्त्राच्या वहीत या झाडाची एक-दीड पिढीच आहे. तिकडे कॅलिफोर्नियात, बर्कलेच्या विद्यापीठाच्या बागेत, समुद्रसपाटीजवळ 1958 मध्ये लावलेलं एक रोप 1986 मध्ये फुललं. अठ्ठावीस वर्षांत! उबदार हवा, थोडी निगा, आणि शंभराचे अठ्ठावीस. तेव्हा शंभर वर्षं हा झाडाचा स्वभाव कमी आणि त्या जागेचा अवघडपणा जास्त असावा, असं मला वाटतं. पाटीवर हे लिहिलं तर फोटो कमी निघतील.

अठ्ठावीस हा आकडा मैत्रिणीला आवडला. तिची नोकरी साधारण तेवढीच झाली होती.

खरं तर एकदा फुलून मरणारी झाडं पाहायला आपल्याला अँडीजपर्यंत जायची गरज नाही, आणि हे मी तिथे चढ चढताना सतत घोकत होते. माझ्या आजोळी, चिपळूणजवळ, परड्यात भेरली माड होता. माशाच्या शेपटासारखी पानं असलेला. मे महिन्यात त्याच्या पानांची तोरणं लग्नाच्या मांडवाला लागायची. त्याला फुलोरा येतो तो वरून खाली. आधी शेंड्याखालच्या पानाच्या बेचक्यातून लोंबता झुंबर, मग त्याखालच्या, मग त्याखालच्या, असा वर्षावर्षाने उतरत येतो. सगळ्यात खालचा झाला की माड मरतो. आम्हा मुलांना ते लोंबकळणारे हार फार आवडत. आजोबा मात्र पहिला फुलोरा दिसला त्याच दिवशी सुताराला सांगून आले होते, एवढ्या वर्षांनी या म्हणून. त्या माडाच्या खोडाचं पन्हळ करायचं होतं, पाट अडखळायचा तिथे पाणी न्यायला. झाड अजून हिरवंगार, वर मधमाश्या, आणि आजोबांच्या डोक्यात त्याचं पन्हळ होऊन ते वाहूही लागलं होतं. आम्ही त्यांना निर्दय म्हणायचो. दुकानातल्या बाईंनी केळी तोलता तोलता “गेलीच” म्हटलं तेव्हा मला आजोबांचाच सूर ऐकू आला, इतका स्पष्ट की मी वळून बघितलं.

कारवीचंही तसंच. आठ वर्षांनी फुलली की मुंबईहून रेल्वेने माणसं लोटतात. 2016 मध्ये बोरिवलीच्या उद्यानात मी त्या गर्दीत होते आणि 2024 मध्येही. निळ्या-जांभळ्या उतारांसमोर फोटो, अमुक वाट तमुक वाट अशा चर्चा, आणि “पुढच्या वेळी आपण असू का” अशी अर्धी चेष्टा. डोंगरातल्या माणसांना विचारा. त्यांच्या लेखी फुलांचं वर्ष म्हणजे मधाचं वर्ष, आणि त्यापुढचं वर्ष म्हणजे कुडाचं, कारण फुलून मेलेल्या कारवीच्या काठ्या तोडून त्यांच्या भिंती विणायच्या, वर शेण-मातीचा गिलावा. फूल हे त्यांच्या पंचांगातली एक तिथी. बांबूला फुलोरा आला की आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तो अपशकुन वाटायचा, दुष्काळाची खूण म्हणून. त्यातही भय बांबूच्या मरणाचं नव्हतं, भय पुढच्या वर्षीच्या पोटाचं होतं. घायपाताचा दांडा मात्र आम्ही मुलं उत्साहाने मोजायचो, आज किती वाढला. शेताच्या बांधाला लावलेल्या त्या घायपाताचं मूळही मेक्सिकोकडचं आणि अननस पोर्तुगीजांनी आणलेला. म्हणजे मी लहानपणापासून अमेरिकेच्याच वनस्पतींमध्ये वाढले आणि मला वाटत होतं, तितांका काहीतरी परकं असेल. घायपात दांड्यावर छोटी छोटी रोपंच धरतो आणि ती खाली टाकून जातो, शिवाय बुडाशी पिल्लं असतातच. तितांकाकडे अशी सोय नाही. जे काही आहे ते बियांत. लाखो बिया वाऱ्यावर सोडायच्या, त्यातली एखादी जगली तर जगली.

रात्री वास्कारान उद्यानाच्या चौकीजवळ तंबू लावला. चौकीतल्या माणसाने कोकाचा चहा दिला, गरम, गवताळ, किंचित तुरट, आणि चहापेक्षा पेल्याची ऊब जास्त उपयोगी पडली. पाऊस तोंडावर होता. मघाशी दुपारी गारा पडून गेल्या होत्या आणि त्या आमच्या तंबूच्या कडेला अजून साचलेल्या. मैत्रिणीने दोन्ही मोजे, टोपी, मफलर असं सगळं चढवलं आणि झोपताना विचारलं, “अगं, तुला आपण मेल्यावर कुणी फोटो काढलेला आवडेल का?” मी म्हटलं, “तू आधी झोप.” ती झोपली. मी बराच वेळ जागी, उंचीमुळे. डोकं ठणकत होतं आणि बाहेर काहीही आवाज नव्हता. मला काळजी वाटत होती ती अगदी क्षुल्लक, की सकाळी पाण्याची बाटली गोठलेली असेल.

गोठली होती.

सकाळी धुराचा उगम दिसला. चौकीच्या खालच्या अंगाला, उद्यानाच्या हद्दीपाशीच, एक बाई काळ्या उतारावरून मेंढ्या हाकत होत्या. काल कुणीतरी गवताला आग लावली होती, पाऊस आला की नवं गवत कोवळं यावं म्हणून. आमच्या सह्याद्रीत उन्हाळ्याच्या शेवटी डोंगर पेटतात, नेमक्या त्याच कारणाने. त्या उतारावर तितांकाही होत्या. वाळक्या पानांचा घेर जळून गेलेला, बुंधा कोळसा, पण शेंड्याला हिरवं शाबूत. काहीही झालं नाही अशा थाटात उभ्या. काही मात्र शेंड्यापर्यंत काळ्या. त्या बाईंना मी विचारलं, झाडांनाही जाळता का. त्यांनी माझ्या सायकलीकडे, माझ्याकडे, मग झाडाकडे पाहिलं. झाडं कोण मुद्दाम जाळेल, आग जाते तिथे जाते, म्हणाल्या. मग थोडं थांबून, पण जळलं तर वाईट वाटत नाही. कमरेला अडकवलेली कोयती त्यांनी दाखवली. कोकरू पानांत शिरलं आणि आकड्यांत अडकलं, की एकेक पान कापून त्याला काढावं लागतं. दिसलं तर. नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी पक्षी दाखवतात कुठे आहे ते. त्यांनी सांगितलं ते मला पूर्ण कळलं असं नाही, त्या मधूनच केचुआ या तिथल्या भाषेत बोलत होत्या, पण कोयतीचा हावभाव पुरेसा होता. काल ज्या पांढऱ्या पुंजक्यांचा मी जवळून फोटो काढला होता, ती कुणाच्या तरी कोकराची लोकर होती.

जगातल्या तज्ज्ञांच्या यादीत ही वनस्पती धोक्यातली आहे आणि ते खरंच आहे. पेरू आणि बोलिव्हियात तुकड्यातुकड्यांनी उरलेली, एकमेकांपासून लांब, आनुवंशिक विविधता फार कमी, जिथे जनावरं चरतात तिथे रोपं तुडवली जातात. हे सगळं मी त्या बाईंना सांगण्याच्या बेतात होते, बरं झालं माझी स्पॅनिश अपुरी पडली. दूरवरून येऊन तासभर थांबणाऱ्या माणसाला झाड जपावंसं वाटणं सोपं असतं, त्याच्या मेंढ्या तिथे चरत नसतात. आणि तरीही मला ते झाड जळू नये असंच वाटत होतं, अजूनही वाटतं. या दोन गोष्टींची बेरीज मला जमत नाही आणि हिशेबात पक्की असलेल्या मैत्रिणीलाही जमली नाही. तिने विषय बदलला आणि म्हणाली, आपण रोप शोधू या.

रोप, म्हणजे लहान तितांका. लाखो बिया पडतात तर पिल्लं असणारच, असा तिचा तर्क. आम्ही सायकली आडव्या टाकल्या आणि फुललेल्या झाडाच्या वरच्या बाजूला, जिथे एक मेलेली तितांका काळी पडून कलली होती, तिच्या आसपास वाकून चालू लागलो. इचूचे गुच्छ, त्यामध्ये शेवाळं, मेंढ्यांच्या लेंड्या, बारीक पिवळी फुलं, दगड. चार पावलं, श्वास, चार पावलं. बराच वेळ काही नाही. मग मैत्रीण गुडघ्यावर बसली आणि हाक मारायलाही तिच्याकडे श्वास नव्हता, म्हणून नुसता हात केला. दोन दगडांच्या आडोशाला तळहातात मावेल एवढा पानांचा गोल. पानं बोटाएवढी, पण कडेचे आकडे आधीच तयार. तिने त्याला हात लावला नाही. आम्ही दोघी कितीतरी वेळ पोटावर पडून बघत राहिलो. त्याचं वय किती, याची अटकळ दोघींनाही बांधता येईना. आमच्यापेक्षा लहान एवढं नक्की. त्याच्या फुलायच्या वेळी मात्र आम्ही नसणार. मैत्रीण उठली आणि आजूबाजूचे दगड गोळा करून रोपाभोवती रचू लागली. चांगलं गुडघाभर कुंपण करायचा तिचा विचार होता. मी म्हटलं, “अगं, ऊन अडेल त्याचं.” ती म्हणाली, “पायाखाली जाण्यापेक्षा बरं.” आमचं यावर जरा वाजलं. धाप लागलेली असताना भांडणं वाईट, वाक्यं पूर्ण होत नाहीत.

मेंढ्यांमागून त्या बाई वर आल्या तेव्हा कुंपण निम्मं झालं होतं. त्या थांबल्या, रोपाकडे पाहिलं, दगडांकडे पाहिलं आणि मोठ्याने हसल्या. मेंढ्या याला कधीच खात नाहीत, पाय देतात त्या गाई, म्हणाल्या, आणि गाई हे दगड सहज पाडतात. मग वाकून त्यांनी मैत्रिणीने लावलेला सगळ्यात मोठा दगड उचलला, खालच्या अंगाला, उताराकडे ठेवला आणि पायाने दाबून घट्ट बसवला. का, ते विचारायचं सुचलं नाही. बहुतेक माती वाहू नये म्हणून. त्यांचं लक्ष तोवर माझ्या सायकलीकडे गेलं होतं. कॅरिअरला गुंडाळलेली जुनी ट्यूब दाखवून त्यांनी विचारलं, ही देता का, गाढवावर ओझं बांधायला. ट्यूब बऱ्याच पंक्चरांची होती, मी तीन ठिगळं दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी ताणून बघितली, ठिगळांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, टिकेल का? मैत्रिणीने कधी नव्हे ते स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं, दोन वर्षं, उन्हात ठेवली नाही तर. बाईंनी ट्यूब खांद्यावर टाकली आणि गावात कुणाकडे अजून जुन्या असतील तर कातकच्या चौकातल्या पेट्रोलपंपावर ठेवून जा, असं सांगून त्या मेंढ्यांना शीळ घालत वर निघून गेल्या.